मी रागावलेलो नाही, माझा चेहरा हलत नाही

काठपदर

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मजकूर मोबाइलला बोलून सांगितलाय आणि सूनबाईंनी शुद्धलेखन बघून दिलंय.

सांगलीत आमचं साड्यांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. मी २२ व्या वर्षी गादीवर बसलो, आता ६३ वं चालू आहे.

गेल्या मे महिन्यात एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं. त्या घराचा हा आमच्याकडचा तिसरा बस्ता. नवरीच्या आजीचा शालू माझ्या वडिलांनी स्वतः काढून दिला होता, आणि आजी तोच नेसून आल्या होत्या. चौदा-पंधरा माणसं गादीवर बसली. पोरांना न सांगता मी स्वतः घड्या मोडत होतो. नारळी काठ झाला, मोराचा पदर झाला. एक अंजिरी रंगाची पैठणी मी महिनाभर बाजूला ठेवली होती, कुणीतरी तिच्या योग्य येईल म्हणून. ती मी त्या मुलीच्या खांद्यावर टाकली. इतका आनंद मला दुकानात फार दिवसांनी झाला होता.

अर्ध्या तासाने मुलीची आत्या उठली आणि म्हणाली, "शेठना आपण आलेलं आवडलेलं दिसत नाही. चला." आहेराच्या साड्यांसकट सगळा बस्ता दुसरीकडे बांधला गेला. आजी जाताना एकदा माझ्याकडे वळून बघत होत्या. मी काहीतरी बोललो, पण आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही.

मला पार्किन्सन्स आहे. निदान ५९ व्या वर्षी झालं, सुरुवात त्याआधीची. वर्षभर डावा खांदा धरला म्हणून शेक घेत होतो. पावतीपुस्तकात पहिली ओळ नीट यायची आणि खालच्या ओळींत अक्षर मुंगीएवढं होत जायचं. सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्तीचा वास येईना, म्हणून मी उदबत्तीच दोनदा बदलली. हे सगळं एकाच आजाराचं आहे हे नंतर कळलं. मेंदूच्या आत, मध्यावर, डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा असतो. त्या पेशी मरत जातात, आणि लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मला थरथर फारशी नाही. लोकांना पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं एवढंच माहीत असतं, त्यामुळे मला आजार आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. दिसतो तो फक्त चेहरा. "शेठ माजले", "मख्ख बसतात", "पैसे झाले की माणसं अशीच होतात" हे पोरांच्या कानावर येतं, आणि त्यांच्याकडून माझ्या.

दुकानदाराचा चेहरा म्हणजे त्याचं अर्धं भांडवल. गिऱ्हाईक साडीकडे एकदा बघतं आणि दुकानदाराकडे दोनदा. मला ते माहीत होतं आणि मला ते येतही होतं.

घरचं सांगतो. नात पाच वर्षांची आहे. चित्र काढून आणते, माझ्यापुढे धरते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. मी म्हणतो, "छान आहे." ती आणखी थोडा वेळ बघते आणि चित्र घेऊन आजीकडे जाते.

आता विचारायचं ते. दुकानात पाटी लावावी का? मी मजकूर असा केलाय: "मला पार्किन्सन्स हा आजार आहे. त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर हसू दिसत नाही. क्षमस्व. कृपया समजून घ्यावे." मुलगा म्हणतो लावा. सूनबाई म्हणतात, लग्नाच्या खरेदीला आलेल्या माणसांना दारातच आजाराचं नाव वाचायला लावू नका. दोघांचंही मला पटतंय. अनुभव असतील तर सांगा.

सांजवात

काका, पाटी लावा. आजच लावा.

माझं लग्न २०१४ साली झालं. अल्बममधल्या एकूण एक फोटोत बाबांचा चेहरा दगडासारखा आहे. वरमाला, कन्यादान, पाठवणी, कुठेच काही हललेलं नाही. सासरी ठरून गेलं की मुलीच्या वडिलांना स्थळ पसंत नव्हतं. वाईट हे की मलाही तसंच वाटलं. लग्न मी ठरवलं होतं, बाबा "तुझी पसंती ती माझी" म्हणाले होते, आणि मी तो चेहरा बघून त्यांचा शब्द खोटा मानला. तीन वर्षं मी फोन केला की आईशी बोलायचे आणि "बाबांना द्या" म्हणायचे नाही.

२०१७ मध्ये निदान झालं. डॉक्टरांनी जुने फोटो मागितले. चेहऱ्यातला बदल कधीपासूनचा आहे हे कधीकधी फोटोंवरून कळतं म्हणाले. मी तोच अल्बम घेऊन गेले. त्यांनी चार-पाच पानं उलटली आणि म्हणाले, हे इथे सुरू झालेलं आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटची वर्षं आम्ही खूप बोललो, त्यामुळे तसं काही राहिलेलं नाही. पण ती तीन वर्षं राहिलीच. तुमच्या नातीला आजच सांगा, पाच वर्षांची मुलं समजून घेतात.

माळरान

काठपदर, मनापासून लिहिलंय तुम्ही. एक सुचवू का? रोज सकाळी दहा मिनिटं आरशासमोर हसण्याचा सराव करा. आमच्याकडे हास्यक्लब आहे, मी स्वतः अकरा वर्षं जातो. ही चळवळ आपल्या मुंबईतच १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी सुरू केली आणि जगभर पसरली. सुरुवातीला हसू ओढूनताणून आणावं लागतं, नंतर ते आपोआप येतं. स्नायूंना सवय लागते. ज्यांचा चेहरा जन्मापासूनच गंभीर असतो त्यांनाही उपयोग होतो. समोरच्याला आपलं हसू बघून बरं वाटतं, एवढं तर आपण करू शकतोच.

बारव

माळरान, तुमचा हेतू चांगला आहे. पण शेवटच्या दोन वाक्यांवर मला सविस्तर बोलायचंय, कारण ती वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

मी ३४ वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. २९ व्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं. माझा चेहरा लहानपणापासून असाच आहे. आवाजही सरळ पट्टीत जातो. "मख्ख" हा शब्द मला माझ्या नावाआधी कळला असेल. वर्गात बाई शिकवताना मधेच थांबून विचारायच्या, "ऐकतेयस का गं?" मी ऐकत असायचे आणि विचारलं तर सगळं सांगायचे. तरी पुढच्या तासाला तेच. आजी गेली तेव्हा मी रडले नाही. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला काही वाटतच नाही." माझी ती आजी होती जिच्याजवळ मी रोज झोपायचे. मी रडले ते तेराव्यानंतर, तिचं गोधडीचं अर्धवट काम सापडलं तेव्हा. तोवर माझ्याबद्दलचं मत ठरून गेलं होतं.

कॉलेजमध्ये गेल्यावर मी सराव सुरू केला. अक्षरशः आरशासमोर. समोरचा बोलतोय तोवर भुवया इतक्या वर, वाक्य संपलं की ओठ इतके बाजूला, मग मान. आठ वर्षं केलं. लोकांना बरं वाटलं, खरंय. मी घरी आले की दोन-दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे, कारण दिवसभर मी समोरच्याचं बोलणं ऐकत होते, त्याला उत्तर देत होते आणि शिवाय स्वतःचा चेहरा हाताने चालवावा तसा चालवत होते. अठ्ठाविसाव्या वर्षी मी नोकरी सोडली आणि चार महिने घराबाहेर पडले नाही. निदान त्यातूनच झालं.

डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांच्या भावना कळत नाहीत हे अर्धंच सांगितलं जातं. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाच्या भावना कळत नाहीत. न कळणं दोन्हीकडून असतं, पण उपचार एकाच बाजूवर होतात. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या काकूंनीही मला ओळखायचा थोडा सराव करायला हवा होता.

आणि आपल्या भाषेतलीच एक गोष्ट मला कायम खुपत आली आहे. साधुपुरुष निर्विकार असला की आपण त्याच्या पायाशी बसतो. मुलगी निर्विकार असली की तिला शिष्ट म्हणतो.

काका, तुमच्या पाटीतून "क्षमस्व" काढा. तुम्ही काय चूक केलीत?

माळरान

बारव, मी हे दोनदा वाचलं. माझ्या मनात हे कधी आलंच नव्हतं. आमच्या क्लबात एक बाई महिनाभर येऊन बंद झाल्या, त्यांना मी रोज "मोकळं हसा, मोकळं हसा" म्हणत होतो. आता त्यांची आठवण येतेय.

एक खरंच विचारतो. समोरच्याने करायचं काय? चेहरा बघून अंदाज घेणं हे मी ठरवून करत नाही, ते होतंच.

बारव

होतंच, मान्य. तो अंदाज आल्यावर लगेच निकाल देऊ नका, एवढंच. विचारा. "तुला आवडलं का?" असं मला थेट विचारलं तर मी थेट सांगते. माझ्या आत्ताच्या टीममधला एक मुलगा हे करतो. मीटिंगनंतर येऊन विचारतो, "मघाशी तू गप्प होतीस, पटलं नाही की विचार करत होतीस?" दर वेळी दोन मिनिटं लागतात. त्याच्याबरोबर काम करताना मी कधी थकत नाही.

निरगुडी

मी स्पीच थेरपिस्ट आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णांबरोबर बरंच काम केलंय. माळरान आणि बारव दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, कारण काठपदर यांचा चेहरा आणि बारव यांचा चेहरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून एकसारख्या दिसतात म्हणून घोळ होतो.

हसू मेंदूतून दोन वाटांनी चेहऱ्यावर येतं. "हसा" म्हटल्यावर हसतो ती एक वाट, आणि नातू दिसल्यावर आपोआप हसतो ती दुसरी. काही पक्षाघातांत पहिली वाट तुटते आणि दुसरी शाबूत राहते. असा रुग्ण सांगितल्यावर एका बाजूनेच हसतो, पण विनोद ऐकला की दोन्ही बाजूंनी. पार्किन्सन्समध्ये नेमकं उलटं होतं. सांगून हसता येतं, आपोआपचं हसू मंदावतं. पापण्याही कमी लवतात. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. ते प्रमाण घटलं की नजर रोखल्यासारखी वाटते, आणि समोरच्याला धाक वाटतो. त्या आत्याबाईंना हसू नसण्याइतकीच ती नजर टोचली असेल.

"तोंड हसतं पण डोळे हसत नाहीत" यामागेही कारण आहे. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली दाखवून दिलं होतं की ओठ वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा आकसत नाही.

म्हणून काठपदर यांनी सराव करायला हरकत नाही. जे होतं आणि गेलंय ते थोडं परत मिळवण्यासाठी तो सराव आहे. मोठ्याने बोलणं, चेहऱ्याच्या मोठ्या हालचाली, खणखणीत आवाज काढण्याचे व्यायाम यांचा उपयोग होतो, विशेषतः आवाजासाठी. बारव यांना मात्र जे मुळात त्यांचं नाही ते अंगावर घ्यायला लावलं गेलं. दोन्हीला एकच सल्ला चालत नाही.

आता एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात लिंडा टिकल-डेग्नन यांनी अनेक वर्षं यावर काम केलंय. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या चित्रफिती त्यांनी उपचार करणाऱ्यांनाच दाखवल्या. ज्यांचा चेहरा जास्त थिजलेला, त्यांच्या स्वभावाबद्दल या लोकांचीही मतं चुकली. ही माणसं रोज असे रुग्ण बघणारी होती. मी स्वतः या चुका केल्यात. एका आजोबांना मी सहा आठवडे "सहकार्य नाही" असं लिहीत होते. सातव्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने सांगितलं की ते आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवतात, इथे यायचं म्हणून.

उलटंही होतं, तेही सांगते. पार्किन्सन्समध्ये नैराश्य बरंच आढळतं, आणि चेहरा ते लपवून टाकतो. घरचे म्हणतात, "त्यांचा चेहरा असाच असतो." म्हणून घरच्यांनी शब्दांत विचारायला हवं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, मन कशात लागतं. काठपदर, तुम्हालाही विचारते.

गोळी कधी घेता?

आडवाट

माझा अनुभव छोटा आहे. मी एसटीत कंडक्टर. तीन वर्षांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूने गळायला लागलं. उजवा डोळा मिटेना. घरचे म्हणाले, रात्रपाळीत खिडकीतून वारं लागलं, तेल लावू. शेजारच्या मुलीने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. बेल्स पाल्सी. चेहऱ्याच्या सातव्या नसेला सूज. स्टिरॉइडची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर फायदा जास्त, हे तिथे कळलं. डोळा उघडा राहतो म्हणून थेंब आणि रात्री पट्टी. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं तर वारं, लकवा असलं काही घरी ठरवू नका, तो पक्षाघातही असू शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठा.

चार महिन्यांत मी बरा झालो. त्या चार महिन्यांत प्रवासी सुटे पैसे माझ्या हातात न देता सीटवर ठेवायचे. रोजची माणसं. त्यांना वाटलं मी पिऊन आलोय, की आणखी काही, ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही. काठपदर, तुमचं रोजचं आहे, मला चार महिन्यांतच कळलं ते काय असतं.

अजूनही जोरात हसलो की उजवा डोळा आपोआप मिटतो. नस पुन्हा वाढताना वाकडी जोडली जाते, असं म्हणतात.

रानजाई

एरवी मी या विषयावर कुठे लिहीत नाही. आज लिहिते.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा रडली, आवाज आला, पण चेहरा रडला नाही. सुईणीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिच्याकडे बघत राहिले होते. तिला मोबियस सिंड्रोम आहे. चेहऱ्याची आणि डोळे बाजूला फिरवण्याची, अशा दोन्ही नसा जन्मतःच विकसित झालेल्या नाहीत. पॉल मोबियस नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८८ साली याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव. फार दुर्मीळ आहे. आमच्या तालुक्यात कुणी ऐकलेलं नव्हतं.

तान्हं मूल हसलं की आई हसते, मग मूल पुन्हा हसतं, हा खेळ आमच्यात झालाच नाही. पहिले चार-पाच महिने मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. कुणालाच सांगितलं नाही, आज इथे पहिल्यांदा लिहितेय. मग एकदा मी तिच्यापुढे चमचा वाटीवर वाजवला आणि तिचे पाय जोरजोरात हलायला लागले. पुन्हा वाजवला, पुन्हा पाय. त्या दिवशी कळलं की ही पायांनी हसते. आता ती खांद्यांनी हसते, आणि आवाज असा की गल्लीत ऐकू जातो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला नाचात मागच्या रांगेत उभं केलं होतं. मी भांडले. तिने मला थांबवलं आणि स्वतः बाईंना सांगायला गेली. ती नवीन माणसाला पहिलंच वाक्य हे सांगते, कुणी शिकवलेलं नाही: "माझा चेहरा हसत नाही, मी हसते." मग लगेच आपलं काम सुरू करते. उत्तराची वाट बघत नाही.

काठपदर दादा, पाटीऐवजी हे चालेल का बघा.

निरगुडी

रानजाई, तुमच्या मुलीचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

यावर अभ्यासही आहे. कॅथलीन बोगार्ट या अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ, त्यांना स्वतःला मोबियस आहे. त्यांनी जन्मापासून चेहरा न हलणारी माणसं आणि पुढे आयुष्यात चेहरा गमावलेली माणसं यांची तुलना केली. जन्मापासूनची माणसं आवाज, हात, शरीर जास्त वापरतात. नंतर गमावलेली माणसं कमी. त्यांची सगळी भिस्त चेहऱ्यावर होती, ती अचानक गेली, दुसरं काही शिकायला वेळच मिळाला नाही.

म्हणजे काठपदर, या बाबतीत नऊ वर्षांची ही मुलगी तुमच्यापेक्षा अनुभवी आहे.

शेणकाला

वाचतेय. माझ्या सासऱ्यांना दाखवणार आहे.

अवांतर: दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आणि ऑटिझम दोन्ही आहेत. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि नातेवाइकांचाच गट आहे. सासऱ्यांना तिथे नेलं तर पहिल्यांदा ते खोलीत सगळ्यांसारखे होते. कुणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं, बोलण्याकडे कान देत होते.

काठपदर

सगळे प्रतिसाद मी दोन-तीनदा ऐकले. सूनबाई वाचून दाखवतात.

निरगुडीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. झोप तुटक आहे. मन लागतं, दुकानात लागतं, रविवारी लागत नाही. हे मी घरी बोललो नव्हतो. तुमचा प्रतिसाद वाचताना सूनबाई थांबल्या आणि मला विचारलं. मग बोललो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं ठरलंय. गोळी मी सकाळी नऊला नाश्त्याबरोबर घेत होतो, दुधाबरोबर.

बारवताई, "क्षमस्व" खोडलं. मी ४१ वर्षं "माफ करा ताई, हा रंग संपला" म्हणत आलोय, त्या सवयीने आलं होतं. पण तुमच्या आजीच्या गोधडीचं वाचलं आणि मला दुकानात येणारी एक मुलगी आठवली. आईबरोबर यायची, काही बोलायची नाही, आवडलं की नाही काही कळायचं नाही. मी तिच्या आईला म्हणायचो, "हिच्या मनातलं देवालाच ठाऊक." तिला एकदा विचारायला हवं होतं. ती आता कुठे असते कुणास ठाऊक.

सांजवात, नातीला सांगितलं. तिने विचारलं, "मग आवडलं की काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रानजाईताईंच्या मुलीसारखं काहीतरी हवं होतं. आम्ही दोघांनी ठरवलं की आवडलं की मी दोनदा मांडीवर थाप मारायची. आता ती चित्र आणते आणि माझ्या हाताकडे बघते.

पाटीचं अजून ठरत नाही.

बारव

मांडीवर थाप. काका, हे वाचून मी खूप वेळ बसून राहिले.

काठपदर

सात आठवड्यांनी लिहितोय. दसरा होऊन गेला, म्हणून उशीर.

पाटी लावली नाही. सूनबाईंचं ऐकलं, आणि रानजाईताईंच्या मुलीचं. गिऱ्हाईक गादीवर टेकलं, पाणी दिलं की पहिल्यांदा मीच बोलतो: "मला पार्किन्सन्स आहे. चेहरा हसत नाही, आवाज बारीक आहे. तुम्ही आलात, आनंद झाला. काय दाखवू?" एका दमात म्हणायचं आणि लगेच पहिली घडी मोडायची. आवाजाचा व्यायाम सकाळी गच्चीवर करतो. साडी पूर्वी मी चेहऱ्याने दाखवायचो. आता हाताने दाखवतो. पदर उलगडून दोन्ही हातांवर उजेडात धरतो, जर अंगठ्याने हळू सरकवत नेतो. हात सावकाश चालतात, त्याने साडी जास्त वेळ डोळ्यांपुढे राहते.

सगळं चांगलंच झालं असं नाही. एक गृहस्थ मी सांगितल्यावर माझ्याशी मोठ्याने आणि तोडून तोडून बोलायला लागले, मला समजत नसल्यासारखे. भाव मुलाला विचारायला लागले. एक कुटुंब "असू दे, असू दे" म्हणत घाईने उठलं. एका बाईंनी दया म्हणून दोन साड्या जास्त घेतल्या. ते कळत होतं, आणि त्या परत घ्या म्हणावं असं वाटत होतं. म्हटलं नाही.

त्या बस्त्यातल्या आजींकडे मुलगा जाऊन आला. मीच पाठवलं, बोलायला. आत्याबाई घरात होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. आजी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, याचा बाप असा नव्हता." परवा त्या एकट्या आल्या होत्या. स्वतःसाठी एक इरकल घेतलं, काळं, लाल काठाचं. मी मांडीवर थाप मारली. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून सांगितला.

डॉक्टरांनी झोपेसाठी औषध बदललंय आणि गोळीची वेळही. दुधातल्या आणि नाश्त्यातल्या प्रथिनांनी गोळीचा असर कमी होऊ शकतो म्हणाले, म्हणून आता दूध नाही, नाश्ता नंतर. गर्दी अकराला सुरू होते, त्या वेळी अंग मोकळं असावं म्हणून गोळी दहाला. दिवाळीपर्यंत हेच ठेवा म्हणालेत.